होमस्कूलिंग आणि गणिताच्या स्पर्धा: 'शाळेचं नाव' या रकान्यात काय लिहायचं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. होमस्कूलिंगवर इथे बरेच जुने धागे सापडले, पण सगळे 'करावं की करू नये' यावर भांडून संपलेत. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती चर्चा इथे नको, प्लीज.

मुलगी १३ वर्षांची, मुलगा १० चा. दोघंही घरीच शिकतात. मुलीला गणिताची ओढ आहे. धडे संपवण्यात तिला काही रस नाही, पण एखादा अडलेला प्रश्न घेऊन दोन-दोन दिवस बसेल. तिला स्पर्धांबद्दल कळलं आणि आता भाग घ्यायचाच आहे. अर्ज उघडला की मी पहिल्याच पानावर अडते: शाळेचं नाव, शाळेचा क्रमांक, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. इयत्तेचाही घोळ आहे. गणितात ती वयाच्या पुढे, बाकी विषयांत वयाबरोबर. एका ठिकाणी फोन केला तर "शाळेमार्फत या" म्हणाले. शाळा नाही म्हटल्यावर फोन ठेवून दिला.

कोणत्या स्पर्धांना अशी मुलं चालतात? केंद्र कसं मिळवायचं? आणि तयारी घरी कशी करून घ्यायची, कारण माझं स्वतःचं गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच.

आडवळण

ताई, आमच्याकडची दोन मुलं या वाटेने गेलीत, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे फोन करू नका, लेखी विचारा. फोन उचलणाऱ्याला नियम ठाऊक नसतो, आणि ठाऊक नसलं की 'नाही' म्हणणं सगळ्यात सोयीचं. ईमेल मात्र ज्याला नियम माहीत आहे त्याच्याकडे कधीतरी पोचते. ईमेल चार ओळींची ठेवा: मुलीची जन्मतारीख, ती घरी शिकते, तुमच्या पात्रतेच्या नियमातलं अमुक कलम वाचलं, त्यानुसार ती बसू शकते का आणि नोंदणी कोणत्या नावाने करायची. होमस्कूलिंगचं समर्थन करत बसू नका. त्यांनी ते विचारलेलं नाही.

दुसरं, पात्रतेचा नियम मुळातून वाचा, कोणी सांगितलेला नको. बऱ्याच ठिकाणी इयत्तेच्या जोडीला वयाची अट असते आणि ती तुमच्या कामाची. उदाहरणार्थ अमेरिकेतली एएमसी ही शालेय गणित स्पर्धा. एएमसी ८ साठी आठवी किंवा त्याखालची इयत्ता, आणि परीक्षेच्या दिवशीच्या वयाचीही मर्यादा. एएमसी १० साठी दहावीपर्यंत आणि वय साडेसतराच्या आत, एएमसी १२ साठी बारावीपर्यंत आणि साडेएकोणीसच्या आत. वयाचा पुरावा तुमच्याकडे आहेच, जन्मदाखला.

इयत्ता मात्र एकदाच ठरवा, वयाला धरून, आणि वर्षभर सगळीकडे तीच लिहा. एकीकडे सातवी, दुसरीकडे आठवी असं झालं की पुढे निकाल जुळत नाहीत. खालची इयत्ता लिहून बक्षीस मिळवणारे पालकही पाहिलेत. त्यातून मुलांना काय कळतं ते मुलंच जाणोत.

सुरुवातीला दोन स्पर्धा बघा. कांगारू: १९९१ मध्ये फ्रान्सात सुरू झाली, ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेवरून स्फूर्ती घेतली म्हणून नाव कांगारू. आता ती कितीतरी देशांत होते. प्रश्न ३, ४ आणि ५ गुणांचे, चढत्या अवघडपणाचे, आणि सुरुवातीचे इतके गमतीदार की तुमचा धाकटाही बसू शकेल. काही देशांत पालक थेट नाव नोंदवू शकतात, काही देशांत शाळाच लागते, तेव्हा आपल्या देशाच्या आयोजकांना विचारा. दुसरी पर्पल कॉमेट: २००३ पासून चालू, ऑनलाइन, मोफत, आणि संघाची. संघात १ ते ६ मुलं आणि एक जबाबदार मोठं माणूस. छोट्या गटाला ६० मिनिटांत २० प्रश्न, मोठ्या गटाला ९० मिनिटांत ३०. सगळी मुलं एका शाळेची नसतील तरी मिश्र संघ करता येतो.

निवांत_नदी

विषयांतर नाही करत, पण राहवत नाही म्हणून एकच विचारते. नंबर, टक्के, तुलना यातून मुलांना बाहेर काढायचं म्हणून आपण घरी शिकवतो ना? मग त्याच मांडवाखाली परत कशाला जायचं?

आडवळण

@निवांत_नदी, जायचंय मुलीला. आईला नव्हे. धाग्यातच लिहिलंय तसं.

सुतावरून_स्वर्ग

निवांत_नदीताईंचा प्रश्न मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. आमच्या भाचीला तिच्या बाबांनी बसवलं, तिला नको होतं, दोन वर्षं ती गणिताच्या नावाने पळत होती. पण उलटही पाहिलंय. घरी शिकणाऱ्या मुलाला आपल्याइतकंच गणितवेडं दुसरं मूल सहसा भेटत नाही. परीक्षेनंतर बाहेर पायऱ्यांवर बसून "तू १७ वा कसा सोडवलास?" हे जे चालतं ना, ते घरी नाही मिळत. काही मुलं त्या अर्ध्या तासासाठीच जातात असं माझं मत. मार्क गेले उडत.

खाडाखोड

मी काही वर्षं स्पर्धेच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, तेव्हा 'कोणती स्पर्धा' याबद्दल थोडं सविस्तर.

सगळ्या गणित स्पर्धा एका जातीच्या नसतात. एका प्रश्नाला किती वेळ मिळतो ते काढून पाहा, जात लगेच कळते.

मॅथकाउंट्स या अमेरिकेतल्या शालेय स्पर्धेच्या स्प्रिंट फेरीत ४० मिनिटांत ३० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ८० सेकंद. एएमसी ८ मध्ये ४० मिनिटांत २५, म्हणजे ९६ सेकंद. एएमसी १० आणि १२ मध्ये ७५ मिनिटांत २५, तीन मिनिटं. त्यापुढच्या टप्प्याच्या एआयएमई परीक्षेत तीन तासांत १५, म्हणजे प्रश्नाला १२ मिनिटं, आणि उत्तर ० ते ९९९ मधला पूर्णांक, त्यामुळे पर्याय बघून अंदाज मारायची सोय नाही. आणि शेवटी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड: दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज फक्त तीन प्रश्न. प्रश्नाला दीड तास.

८० सेकंद आणि दीड तास. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. शाळेतल्या मुलाला घड्याळाची सवय असते, तासाला घंटा होतेच. घरी शिकणारं मूल एका प्रश्नात मनसोक्त रमतं, मग ८० सेकंदांच्या परीक्षेत ते पाचव्या प्रश्नावरच थांबून राहतं, कारण तो प्रश्न त्याला आवडला! निकाल येतो मधला आणि आई-बाबांना वाटतं, मुलाला गणित येत नाही. पाटीपेन्सिलताई, दोन दिवस एका प्रश्नापाशी बसणारी तुमची मुलगी दीड तासाच्या टोकाची आहे. तिला आधी वेगाच्या परीक्षेत घालून नाउमेद करू नका. वेगाची एखादी परीक्षा गंमत म्हणून द्यावी, पण तिची मुख्य वाट लेखी उत्तरांची असावी.

वेगाच्या परीक्षेतही थोडा हिशेब शिकवण्यासारखा असतो. एएमसी १० मध्ये बरोबर उत्तराला ६ गुण, कोऱ्याला दीड, चुकीला शून्य, आणि पर्याय पाच. डोळे मिटून खूण केली तर सरासरी ६ भागिले ५, म्हणजे १.२ पदरात पडतात. त्यापेक्षा कोरं सोडलेलं बरं. एक पर्याय नक्की चूक म्हणून कापता आला तर ६ भागिले ४, बरोबर दीड, म्हणजे काहीही केलंत तरी सारखंच. दोन कापता आले तर २, मग जरूर लिहावं. हे मुलीलाच काढायला सांगा. एएमसी ८ मध्ये चुकीला काही कापत नाहीत आणि कोऱ्याला काही देत नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही.

गृहपाठ_नको

वाचनखूण साठवली.

दप्तरदार

मी शाळेत स्पर्धांचं काम बघते, म्हणजे टेबलाच्या पलीकडची. बाहेरच्या मुलाला आम्ही का टाळतो ते उघड सांगते, म्हणजे तुम्हाला उपाय करता येईल.

गणिताचा कोणालाच आक्षेप नसतो. अडचणी अशा: एक, त्या दिवशी मूल आमच्या आवारात असताना काही झालं तर जबाबदारी कोणाची? दोन, प्रश्नपत्रिकांची मागणी आधीच गेलेली असते, ऐनवेळी एक जास्तीची कुठून आणणार? तीन, निकाल आमच्या खात्यावर येतो, मग तो त्या मुलाला कळवायचा कोणी आणि आमच्या शाळेच्या बेरजेत धरायचा की नाही?

म्हणून विचारायला येताना चार-पाच महिने आधी या, परीक्षेच्या आठवड्यात नको. मुलाला सोडायला येऊन संपेपर्यंत बाहेर आपण थांबू, असं लिहून द्या. फी आधी भरा. निकाल शाळेच्या बेरजेत नको, स्वतंत्र हवा, हे तुम्हीच आधी सांगा. शिक्षकांना हायसं वाटतं. आणि मुख्याध्यापकांकडे थेट जाण्याआधी गणिताच्या बाईंना किंवा सरांना भेटा. गणितवेडं मूल दिसलं की ते स्वतःच तुमची वकिली करतात.

शाळा नाहीच म्हणाली तर कॉलेजचा गणित विभाग, सार्वजनिक वाचनालय, एखादं गणित मंडळ असे पर्याय असतात. नियम बघूनच ठरवा. काही स्पर्धा केवळ नोंदणीकृत संस्थेतच होतात, आणि स्वतःच्या मुलावर आईवडिलांनी पर्यवेक्षण केलेलं बहुतेक ठिकाणी चालत नाही. ते योग्यच आहे. "आमचं मूल तसं करणार नाही" हे सगळेच म्हणतात.

पाटीपेन्सिल

दप्तरदार, खूप खूप आभार. शाळेच्या बेरजेचा मुद्दा माझ्या स्वप्नातही आला नसता.

खाडाखोड, तुमची पोस्ट मुलीला वाचून दाखवली. अंदाजाचं गणित तिने तीन पर्याय कापले तर काय होतं इथपर्यंत नेलं. पण लेखी उत्तरांचं काय करायचं? ती तोंडी सांगते, मला पटतं, संपलं. बरोबर आहे का ते मला कळत नाही आणि लिहायला ती तयारच नसते.

खाडाखोड

हा खरा प्रश्न विचारलात.

घरी शिकणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत मला एक गोष्ट वारंवार दिसली. कल्पना सुंदर, लिखाण अर्धवट. कारण आजवर त्यांचं वाचणारा माणूस एकच होता आणि तो त्यांच्या प्रेमात होता! अनोळखी परीक्षकाला समोर बसून विचारता येत नाही की "इथे तुला काय म्हणायचंय?" कागदावर नसलेलं त्याच्यासाठी नसतंच.

सुरुवातीला हा घ्या. १९५९ साली रुमानियात पहिली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड झाली, तिचा अगदी पहिला प्रश्न. n कोणतीही नैसर्गिक संख्या असली तरी (21n + 4) / (14n + 3) या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देता येत नाही, हे सिद्ध करा. म्हणजे वर-खाली सामाईक अवयव निघत नाही. सातवी-आठवीच्या मुलाला प्रश्न नीट समजतो, आणि उत्तर दोन ओळींत मावतं. सांगत नाही. तिला करू दे, लिहू दे, आणि फोटो न टाकता इथे टाइप करा.

पाटीपेन्सिल

तिने लिहिलं: "मी n = 1 पासून 20 पर्यंत करून बघितलं. एकदाही सामाईक अवयव आला नाही. म्हणून सिद्ध झालं."

मी विचारलं, एकवीसचं काय? तर म्हणाली, वीस वेळा नाही आलं तर आता कशाला येईल?

खाडाखोड

छान. रागावू नका तिला. तिला दुसरा अपूर्णांक द्या: (2n + 1) / (3n + 52). हाही कधी संक्षिप्त होतो का ते बघायला सांगा. वीसपर्यंत, हवं तर तीसपर्यंत करू दे. तिने "नाही होत" म्हटलं की फक्त विचारा, पैज लावतेस?

सुतावरून_स्वर्ग

खाडाखोड, तुम्ही दुष्ट आहात. मी आत्ता बसून केलं. 😄 उत्तर फोडत नाही.

कोनमापक

थोडं वेगळं. ऑलिम्पियाडला होमस्कूलवाली मुलं पोचतात का, असा प्रश्न कुणाच्या मनात असेल तर रीड बार्टन हे नाव शोधा. अमेरिकेचा. त्याचं बरंचसं शिक्षण घरी झालं, आणि १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक. चार सुवर्णपदकं मिळवणारा तो पहिलाच, आणि २००१ ला ४२ पैकी ४२. (सहा प्रश्न, प्रत्येकी ७ गुण.) अर्थात त्याचं उदाहरण आपल्या मुलांच्या डोक्यावर ठेवायचं नाही. 'घरी शिकला म्हणून राहिला' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी ठेवायचं.

एक सावधगिरीची सूचना, ही फार कमी जणांना माहीत असते. होमस्कूलवाली हुशार मुलं लवकर विद्यापीठात नाव घालतात, कारण अडवणारं कोणी नसतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची अट २० वर्षांच्या आत असण्याची आहेच, शिवाय स्पर्धक विद्यापीठाचा पूर्णवेळ विद्यार्थी नसावा अशीही आहे. १५ व्या वर्षी पदवीला प्रवेश घेतला की हे दार बंद. एखादा सुटा अभ्यासक्रम करणं वेगळं, पण त्याआधीही आपल्या देशाच्या निवड परीक्षेचे नियम बघा, ते आणखी कडक असू शकतात. निवडीची पहिली पायरी बऱ्याच देशांत शाळांमधूनच होते, तेव्हा पत्रव्यवहार वर्षभर आधी सुरू केलेला बरा.

निवांत_नदी

वाचतेय. खरं सांगू, 'अनोळखी माणसाला समजेल असं लिहायला शिकणं' हे कारण मला पटलं. पदकाचं अजून नाही.

संघाच्या स्पर्धेबद्दल कोणी लिहील का? माझ्या मुलाला एकट्याने परीक्षेला बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, पण चौघांत तो खुलतो.

आडवळण

@निवांत_नदी, मग संघापासूनच सुरू करा. बहुतेक पालक उलट करतात, आधी एकट्याची परीक्षा आणि मग जमलं तर संघ.

चार घरं गाठा, वय सारखं नसलं तरी चालेल. आठवड्यातून एकदा ऑनलाइन किंवा समोरासमोर. पर्पल कॉमेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या साइटवर मोफत आहेत, त्यातली एक घ्यायची आणि घड्याळ लावायचं. पहिल्या खेपेला चौघंही एकाच प्रश्नावर तुटून पडतात आणि बाकीचे तसेच राहतात. सांगू नका काही. पुढच्या वेळी आपसूक वाटण्या होतात: तुला भूमिती, मला मोजणीचे प्रश्न, आणि ही सगळ्यांची उत्तरं पडताळेल. पडताळणारं मूल सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते काम बुजऱ्या मुलांना फार शोभतं, हा माझा अनुभव.

शाळेच्या नावाशिवाय चालणारे मोठे संघही असतात. अमेरिकेतल्या एआरएमएलमध्ये १५ जणांचा संघ एखाद्या भागाचा किंवा प्रांताचा म्हणून उतरतो. तुमच्या देशात तसं काही आहे का ते बघा.

एकच पथ्य. संघाचं पर्यवेक्षण करणाऱ्या मोठ्या माणसाने परीक्षेच्या वेळी तोंड उघडायचं नाही. "प्रश्न नीट वाचा रे" हेसुद्धा नाही. आपल्याला ते फार जड जातं.

दप्तरदार

+१. आणि जेवढी तयारी गणिताची, तेवढीच एकदा परीक्षेच्या खोलीची करा. ज्या मुलाने कधी उत्तरपत्रिकेवर गोल रंगवलेले नाहीत, त्याची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्याच्या गोलात भरलं की पुढची सगळी उत्तरं सरकली. जुन्या पेपरबरोबर कोरी उत्तरपत्रिकाही छापा. सराव घराबाहेर, वाचनालयात करा, जिथे कोणी खोकतंय, कोणी खुर्ची सरकवतंय. आणि परीक्षेत पाणी प्यायला उठायचं तर हात वर करावा लागतो, हेही आधी सांगा. हसू नका, विचारलेलं नसतं कोणी.

गृहपाठ_नको

माझा मुलगा ९ वर्षांचा, त्याच्यासाठी काही?

आडवळण

कांगारूचे जुने प्रश्न, बास. तयारी वगैरे शब्दही काढू नका.

पाटीपेन्सिल

धागा वर काढतेय, बातमी आहे.

आधी व्यवहाराचं. दप्तरदारांनी सांगितलं तसं एका शाळेतल्या गणिताच्या सरांना भेटले, जबाबदारीचं पत्र घेऊनच गेले. सर म्हणाले, मुलीला बोलवा. तिच्याशी तासभर गप्पा मारल्या, मला बाहेर बसवून. पुढच्या मोसमात तिथे बसायला परवानगी मिळाली. आयोजकांचंही ईमेलवर उत्तर आलं: शाळेच्या रकान्यात 'होमस्कूल' लिहा आणि केंद्र म्हणून त्या शाळेचा क्रमांक द्या.

आता गणित. (2n + 1) / (3n + 52) वर तिने तीसपर्यंत केलं आणि पैज लावली. मी पैजेवर ठाम राहिले म्हणून चिडून पुढे गेली आणि ५० ला अडकली: वर १०१, खाली २०२. मग दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. काल हे लिहून आणलं, जसंच्या तसं देते:

"समजा d ही संख्या 21n + 4 ला आणि 14n + 3 ला, दोघांनाही भागते. मग ती 3(14n + 3) ला भागते, म्हणजे 42n + 9 ला. ती 2(21n + 4) लाही भागते, म्हणजे 42n + 8 ला. म्हणून ती त्यांच्या फरकाला भागते. फरक 1 आहे. म्हणून d = 1. दुसऱ्या अपूर्णांकात असंच केलं तर फरक 101 येतो, म्हणून तिथे फसवाफसवी होते."

खाडाखोड

अहो, हे फार छान आहे. तिला सांगा की परीक्षकाने एकच जागा लाल केली: पहिल्या ओळीत "d ही धन पूर्णांक संख्या" असं हवं, नाहीतर शेवटी d = −1 सुद्धा चालतं आणि "म्हणून d = 1" म्हणता येत नाही. बाकी सगळं माझ्याकडून मान्य.

'फसवाफसवी' हा शब्द परीक्षेत नको, पण तिने तिथे अर्धंच सांगितलंय. फरक १०१ आहे, १०१ मूळ संख्या आहे, तेव्हा सामाईक अवयव असला तर १०१ च असणार. मग पन्नासनंतर पुन्हा कोणत्या n ला तसं होतं? सगळे n शोधायचे, आणि त्याखेरीज दुसरे नाहीत हेही लिहायचं. या वेळी मी पैज लावणार नाही.

पाटीपेन्सिल

दिला तिला. दार लावून बसलीय.